रामकुंड ते भद्रकाली: 'त्या क्षणी' विचारायचं सर्वेक्षण कसं आखावं?

घाटवाट

नाशिकमधल्या रामकुंड, गाडगे महाराज पूल, रविवार कारंजा आणि तिथून मेन रोड, भद्रकालीपर्यंतच्या पट्ट्यासाठी आम्ही सहा जण जागेला जोडलेल्या माहितीची एक साधी व्यवस्था उभी करतोय. एखाद्या ठिकाणी पोचल्यावर तिथली ताजी नोंद दिसावी: गाडी लावायला जागा आहे का, स्वच्छतागृह उघडं आहे का, घाटाची कुठली पायरी शेवाळली आहे, पाणी कुठवर चढलंय. आणि ही नोंद तिथल्याच माणसाला करता यावी. २०२७च्या सिंहस्थाआधी रहिवाशांच्या हाताला ती रुळलेली असावी असा बेत आहे.

गरजा कळाव्यात म्हणून गूगल फॉर्म फिरवला. उत्तरं आली ती 'पार्किंगची समस्या', 'स्वच्छता पाहिजे', 'गर्दी फार'. यातून ॲपचा एक पडदासुद्धा आखता येत नाही. म्हणून आता लोक त्या जागेवर असतानाच चार प्रश्न विचारायचे असं ठरतंय.

अडलंय ते असं. दिवसातून किती वेळा विचारायचं? घड्याळ बघून विचारायचं की माणूस एखाद्या जागी पोचला की? जिओफेन्स, म्हणजे नकाशावर आखलेलं वर्तुळ ज्यात फोन शिरला की ॲपला कळतं, जुन्या नाशिकच्या गल्ल्यांत चालतो का? आणि आलेल्या उत्तरांवरून रचना ठरवायची कशी? २४ जण तयार आहेत: दुकानदार, फुलवाल्या, दोन पुरोहित, रिक्षावाले, घाटाजवळ राहणाऱ्या बायका, कॉलेजची मुलं. पैसे नाहीत म्हटलं तरी चालेल. कोडिंग येणारा एक जण आहे.

मोजपट्टी

फॉर्ममधली उत्तरं खोटी नाहीत. ती आठवणीतून आलीत, आणि आठवण नेहमी सरासरी सांगते. 'पार्किंगची समस्या' हे घरी बसून दिलेलं उत्तर. तोच माणूस मालेगाव स्टँडवरून दुचाकीनं रामकुंडाकडे उतरत असताना विचारलंत तर तो म्हणेल, 'खाली जागा नाही हे मला वरच कळायला हवं होतं, आता मागे फिरता येत नाही.' या एका वाक्यात रचनेचा निर्णय बसलेला आहे. पार्किंगची नोंद पार्किंगपाशी दाखवून उपयोग नाही, उतार सुरू होण्याआधी दाखवायला हवी.

पद्धत जुनी आहे. मिहाय चिक्सेंटमिहाय आणि सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या मुलांकडे पेजर दिले होते. पेजर वाजला की हातातलं काम आणि मनःस्थिती कागदावर लिहायची. आज तेच काम फोन करतो आणि सोबत जागाही नोंदवतो.

विचारायच्या तीन तऱ्हा आहेत: ठरावीक पट्ट्यांत पण अवचित वेळी, एखाद्या जागी पोचल्यावर, आणि एखादी घटना घडल्यावर. तुमच्यासाठी क्रम महत्त्वाचा आहे. पहिल्या आठवड्यात फक्त अवचित वेळी विचारा, जिओफेन्स अजिबात लावू नका. आधीच रामकुंड, कारंजा, मेन रोड अशी वर्तुळं काढून बसलात तर उत्तरं त्याच वर्तुळांतून येतील आणि तुमचा अंदाज बरोबर होता असं वाटत राहील. खरी अडचण कदाचित सराफ बाजारातून घाटाकडे उतरणाऱ्या एखाद्या बोळाच्या तोंडाशी असेल, आणि तिथे तुम्ही वर्तुळ काढलेलंच नसेल. जागा लोकांच्या उत्तरांतून वर येऊ द्या. दुसऱ्या आठवड्यात, ज्या दहा-बारा जागा वारंवार आल्या तिथेच जिओफेन्स लावा.

वेळापत्रक असं: सकाळी ८ ते रात्री ९ म्हणजे ७८० मिनिटं. त्याचे १३० मिनिटांचे सहा पट्टे पाडा. प्रत्येक पट्ट्यात एक पिंग, म्हणजे प्रश्न घेऊन येणारी फोनवरची सूचना, पट्ट्यातलं मिनिट चिठ्ठी टाकून काढलेलं, दोन पिंगांत किमान ४० मिनिटं. पिंग २० मिनिटांत बाद झाला पाहिजे. रात्री घरी बसून सहाही एकदम भरले तर तो पुन्हा गूगल फॉर्मच झाला. पिंग गेल्याची वेळ, उघडल्याची वेळ आणि उत्तर पाठवल्याची वेळ, तिन्ही वेगवेगळ्या साठवा.

दिवसाला सहापेक्षा जास्त नको. दुकान सांभाळणारा माणूस दुसऱ्या दिवशी आवाज बंद करून ठेवतो आणि तुम्हाला ते चौथ्या दिवशी कळतं.

प्रश्न सहाच, दीड मिनिटात संपणारे. मी ते असे लिहीन:

१. आत्ता कुठे आहात? तुम्ही बोलताना त्या जागेला जे म्हणता तेच लिहा.
२. तिथे काय चाललंय? काम / खरेदी / दर्शन / नुसतं वाटेत / घरी / दुसरं काही
३. गेल्या दहा मिनिटांत इथलं काही आधी माहीत असतं तर बरं झालं असतं असं वाटलं का? काय?
४. आत्ता इथे येणाऱ्याला एकच गोष्ट सांगायची तर काय सांगाल?
५. ती गोष्ट किती वेळ खरी राहील? तासभर / आज / आठवडाभर / कायम
६. ती कुणाला दिसलेली चालेल? ओळखीच्यांना / गल्लीतल्यांना / कुणालाही

तिसरा प्रश्न मागणी सांगतो, चौथा पुरवठा. सामुदायिक व्यवस्था बुडते ती या दोघांची गाठ न पडल्यानं. एखाद्या जागी विचारणारे खूप आणि सांगणारा कुणीच नाही, असं असेल तर तिथे मोकळी पाटी ठेवून भागणार नाही. रोज तिथे असणाऱ्या एखाद्या दुकानदारावर ती जागा सोपवावी लागेल. पाचव्या प्रश्नावरून नोंद आपोआप कधी पुसायची ते ठरतं. हे ठरवलं नाही तर पंधरा दिवसांत नकाशा शिळ्या सूचनांनी भरतो आणि लोक तो उघडायचं सोडतात.

पहिल्या प्रश्नावर कंजूषी करू नका. अस्सल नाशिककर 'गोदावरीवर गेलो' म्हणत नाही, 'गंगेवर गेलो' म्हणतो. बाहेरगावचा माणूस त्याच जागेला रामकुंड म्हणेल. सीबीएस, ठक्कर बाजार आणि मेळा स्टँड ही जवळजवळची तीन बसस्थानकं आहेत, पण बोलताना एकाचं नाव दुसऱ्याला सहज लागतं. लोकांनी लिहिलेली नावं आणि फोननं नोंदवलेले अक्षांश-रेखांश शेजारी शेजारी मांडा, शोधाच्या खिडकीसाठी लागणारी पर्यायी नावांची यादी तिथेच तयार मिळते.

सिग्नल_सातपूर

जिओफेन्सबद्दल. अँड्रॉइडवर एका ॲपला एका फोनवर जास्तीत जास्त १०० जिओफेन्स मिळतात, आयफोनवर फक्त २०. मोजपट्टींनी सांगितलेल्या दहा-बारा जागा दोन्हीकडे मावतात.

त्रिज्या १०० मीटरपेक्षा कमी ठेवू नका. गूगलची स्वतःची शिफारस १०० ते १५० मीटर आहे. मेन रोडवर ४० मीटरचं वर्तुळ काढलं तर ते कधी लागेल, कधी नाही. दोन्ही बाजूंना उंच इमारती असल्या की उपग्रहाचा सिग्नल भिंतींवर आपटून येतो आणि माणूस शेजारच्या बोळात दिसतो. त्यामुळे 'कुठल्या बोळात' हे जिओफेन्सला विचारू नका, ते पहिल्या प्रश्नावर सोडा. जिओफेन्सनं फक्त 'आसपास आलाय' एवढंच सांगावं.

नुसत्या प्रवेशावर पिंग टाकलात तर रविवार कारंज्यावरून सिटीलिंकच्या बसनं जाणाऱ्या प्रत्येकाचा फोन वाजेल. 'मुक्काम' हा प्रकार वापरा आणि थांबण्याची मुदत ५ मिनिटं ठेवा. शिवाय एका जागेसाठी एका माणसाला ४ तासांत एकच पिंग. हे बंधन ॲपमध्ये तुम्हालाच घालावं लागतं. वर्तुळाच्या कडेवर दुकान असणाऱ्याचा फोन दिवसभर आत-बाहेर होत राहतो, त्याच्यासाठी तर हे हवंच.

उशीर धरून चला. ॲप मागे चालू असताना घटना साधारण दोन-तीन मिनिटांनी कळते, आणि फोन बराच वेळ एका जागी पडून असेल तर सहा मिनिटांपर्यंत. त्यात मुक्कामाची पाच मिनिटं मिळवा. दहा मिनिटांत आटपणारं काम, उदाहरणार्थ स्वच्छतागृह शोधणं, या मार्गानं पकडता येत नाही. म्हणूनच तिसऱ्या प्रश्नातले 'गेल्या दहा मिनिटांत' हे शब्द काढू नका.

परवानग्यांत सगळ्यात जास्त गळती होते. अँड्रॉइड १० पासून मागे चालू असताना स्थान वापरायची परवानगी वेगळी घ्यावी लागते. ११ पासून ती साध्या खिडकीत येत नाही, सेटिंगमध्ये जाऊन 'नेहमी परवानगी द्या' निवडावं लागतं. १२ पासून लोक 'अंदाजे स्थान' निवडू शकतात, आणि तसं केलं की जिओफेन्स चालतच नाही. १३ पासून नोटिफिकेशनचीही परवानगी वेगळी. २४ जणांना लिंक पाठवून हे होणार नाही. प्रत्येकाच्या शेजारी बसून करायला माणशी १५ मिनिटं धरा.

फोन बंद करून चालू केला की नोंदवलेले जिओफेन्स पुसले जातात. फोन सुरू झाल्याची सूचना पकडून ते पुन्हा नोंदवायचा कोड लिहा. बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली काही फोन ॲप मारूनच टाकतात, तिथे 'ऑटोस्टार्ट' चालू आणि बॅटरीवरचं बंधन बंद करावं लागतं. ॲपनं दर तीन तासांनी 'जिवंत आहे' अशी रिकामी नोंद सर्व्हरला पाठवावी. ती आली नाही तर फोन मेलाय की माणूस उत्तर देत नाहीये, हे वेगळं करता येतं. या एका नोंदीवाचून दुसऱ्या आठवड्याचे आकडे वाचता येणार नाहीत.

घाटवाट

दोघांचेही मनापासून आभार. एक मोठी अडचण राहिली. चोविसातल्या निम्म्यांना ॲप नको आहे, त्यांचं सगळं व्हॉट्सॲपवर. फुलवाल्यांचे हात ओले असतात, टाइप करणं शक्य नाही. आणि बुधवारच्या बाजारात दुपारपर्यंत त्यांना मान वर करायला फुरसत नसते, म्हणजे नेमकी गर्दी असते तेव्हाच उत्तर नाही. शिवाय काही बायका विचारतायत की आमचं ठिकाण कुणाकुणाला दिसणार?

मोजपट्टी

मग ॲप आणि व्हॉट्सॲप अशा दोन वाटा ठेवा. मात्र प्रत्येक उत्तरापुढे कुठल्या वाटेनं आलं ते लिहा.

व्हॉट्सॲपवर ग्रुप करू नका. पहिल्याचं उत्तर बघून बाकीचे तेच लिहितात. ब्रॉडकास्ट लिस्ट (एकच संदेश प्रत्येकाला वेगवेगळा जातो) चालेल, पण ती ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचते. पहिल्या भेटीत समोर बसून नंबर सेव्ह करून घ्या. सगळ्यांना एकाच मिनिटाला पाठवलं तर अवचितपणा जातो. बारा जणांच्या चार-चारच्या तीन लिस्ट करा, प्रत्येकीच्या वेळा वेगळ्या काढा.

ओल्या हाताला आवाजी संदेश. बटण दाबून पंधरा सेकंद बोलायचं, आणि बोलायचं फक्त तिसरं आणि चौथं उत्तर. बाकीची चार उत्तरं रात्री दहा मिनिटांच्या फोनवर भरून घ्या, पण त्यांवर 'रात्री भरलं' अशी खूण हवी. आवाजातून लिहून काढणं त्याच रात्री करा. आठवड्याची १५० ध्वनिमुद्रणं साठली की कुणी ऐकत नाही, आणि मागचा गोंगाट, घंटा, रिक्षा हीसुद्धा माहिती असते, तीही लिहा.

लोक फोटो पाठवतील. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत ठिकाणाची नोंद उरत नाही, ती गळून पडते. जागा हवी असेल तर फोटोसोबत 'सध्याचं लोकेशन' वेगळं पाठवायला शिकवा. 'लाइव्ह लोकेशन' मागू नका, त्याची गरज नाही.

लिंकनं फॉर्म द्यायचा असेल तर कोबोटूलबॉक्स हे सर्वेक्षणाचं साधन पुरेसं आहे. ते स्वतः पिंग करत नाही, पिंग व्हॉट्सॲपनंच. लिंकमध्ये सहभागीचा क्रमांक आधीच भरून देता येतो. त्याचं फोनवरचं कलेक्ट ॲप वापरलंत तर स्थानाची अचूकता ५ मीटर येईपर्यंत ते वाट बघतं. गल्लीत ती येतच नाही आणि माणूस कंटाळून फॉर्म बंद करतो. ती मर्यादा २५ मीटरवर आणून ठेवा.

बुधवारच्या बाजाराचं: न आलेलं उत्तर हेही उत्तर आहे. बुधवारी ९ ते २ मध्ये फुलवाल्यांकडून काहीच येत नसेल तर तुमच्या व्यवस्थेतही त्या वेळी त्यांच्याकडून नोंद येणार नाही, हे आत्ताच कळलं. त्या वेळची घाटाची खबर कुणाकडून येईल? रिक्षावाल्यांकडून? वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांकडून? तुमच्या आराखड्यात ही जागा रिकामी आहे आणि ती भरायला दुसरी माणसं शोधायची आहेत. उत्तर न देणाऱ्या पिंगांचा तक्ता तासावार आणि माणसावार काढा. माझ्या मते तो उत्तरांच्या तक्त्याइतकाच कामाचा आहे.

आठवडे निवडताना दोन्हींत बुधवार यावा, आणि श्रावणी सोमवार एकात असेल तर दुसऱ्यातही असावा. नाहीतर पद्धतींतला फरक बघताय की गर्दीतला, ते कळणार नाही.

अक्षांश_वीस

बायकांनी विचारलेला प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर सर्वेक्षणाआधी लिहून द्यायला हवं. नुसत्या जागा आणि वेळा यांवरून माणूस ओळखता येतो. रोज रात्री नऊचा ठिपका जिथे पडतो ते घर. नाव काढून टाकल्यानं काही झाकलं जात नाही.

करायचं ते एवढं. प्रत्येकाच्या घराभोवती २०० मीटरचं वर्तुळ ठेवा. त्यातल्या नोंदींत जागा साठवायचीच नाही, फक्त 'घरी' एवढं लिहायचं. हे गाळणं फोनवरच व्हावं, सर्व्हरवर पोचल्यावर नव्हे. बाकी ठिकाणी अक्षांश-रेखांश तीन दशांश स्थळांवर आणा. आपल्या अक्षांशावर ते साधारण ११० बाय १०४ मीटरचा चौकोन होतात, म्हणजे चौक कळतो, दार कळत नाही. कच्च्या नोंदी एकाच माणसाकडे ठेवा आणि पुसायची तारीख आधीच जाहीर करा.

डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा, २०२३ प्रमाणे संमती स्पष्ट हवी, कशासाठी घेताय ते सांगायला हवं, आणि संमती मागे घेणं देण्याइतकंच सोपं हवं. तुमच्या माणसांसाठी हे मराठीत, एका पानावर लिहा. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती लागते. कॉलेजच्या मुलांत अकरावी-बारावीची मुलं असतील, त्यांची वयं तपासा.

व्यवस्थेच्या रचनेसाठी एक गोष्ट. २००५ साली सनी कॉन्सॉल्व्हो आणि सहकाऱ्यांनी याच पद्धतीनं १६ जणांना विचारलं होतं की आपलं ठिकाण कुणाला, कधी सांगाल. कोण विचारतंय, कशासाठी विचारतंय आणि विचारणाऱ्याला किती तपशिलाचा उपयोग होईल, यावर उत्तर ठरत होतं. सांगायचं ठरलं की लोक बहुधा उपयोगी पडेल इतकं सांगत, नाहीतर अजिबात सांगत नसत. म्हणून 'अंदाजे जागा, आणखी अंदाजे जागा' अशी सरकपट्टी (स्लायडर) बनवू नका. कुणी आणि का विचारलंय हे पडद्यावर ठळक दाखवा आणि 'नाही' म्हणायचं बटण 'हो' इतकंच मोठं ठेवा.

मोजपट्टी

आकडेमोडीबद्दल लिहायचं राहिलं. २४ माणसं × ६ पिंग × ७ दिवस = १००८. साठ टक्के उत्तरं आली असं धरलं तर सुमारे ६०० होतात, माणशी २५. ही ६०० स्वतंत्र मतं नाहीत. एकच माणूस पंचवीस वेळा बोलतोय. एकाच माणसाच्या उत्तरांतलं साम्य (० म्हणजे अजिबात नाही, १ म्हणजे पूर्ण) ०.३ धरलं तर १ + (२५ − १) × ०.३ = ८.२, आणि ६०० भागिले ८.२ म्हणजे साधारण ७३. टक्केवारी मांडायची असेल तर या ७३ च्या हिशेबानं मांडा. 'साठ टक्के लोकांना अमुक हवंय' असं तर लिहूच नका. एका बोलक्या रिक्षावाल्यानं तेवढं वजन ओढलेलं असू शकतं. त्यापेक्षा 'चोविसातल्या किती जणांनी एकदा तरी हे सांगितलं' ते मोजा.

मग भिंतीवर तक्ता करा. आडवे रकाने जागांचे, उभे रकाने वेळेचे सहा पट्टे. प्रत्येक घरात दोन आकडे: किती जणांनी विचारलं, किती जणांनी सांगितलं. जिथे दोन्ही मोठे तिथून व्यवस्था सुरू करा. जिथे पहिला मोठा आणि दुसरा शून्य, तिथे आधी माणूस नेमा. जिथे दुसराच मोठा आहे, म्हणजे सांगायला उत्सुक पण विचारणारा कुणी नाही, ती जागा वगळा. तिथे नुसती बडबड साठेल.

घाटवाट

हे सगळं आता कागदावर उतरवतो. शेवटचं एक. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडतात तो दिवस सर्वेक्षणात धरायचा की वगळायचा? आमच्या व्यवस्थेचा सगळ्यात मोठा उपयोग त्याच दिवशी आहे.

सिग्नल_सातपूर

धरा, पण वेगळा. त्या दिवशी अवचित पिंग आणि घाटावरचे सगळे जिओफेन्स बंद. जिओफेन्स चालू राहिला तर उत्तर द्यायला, फोटो काढायला माणूस खाली उतरतो, आणि ते कुठल्याही नोंदीसाठी परवडणारं नाही. पाणी सोडल्याची अधिकृत सूचना आली की फक्त घटनेवर आधारलेला पिंग, दर दोन तासांनी एक, आणि त्याची पहिली ओळ अशी: 'जिथे आहात तिथूनच सांगा, बघायला जाऊ नका.'

प्रश्न दोनच. तुम्हाला आत्ता कुठला रस्ता बंद किंवा चालू दिसतोय? आणि पाणी कुठे आहे? दुसऱ्याला क्युसेक किंवा फूट देऊ नका, घाटावर कुणी त्या मापात बोलत नाही. घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीचं माप द्या, पाणी तिच्या कुठवर आलंय: पायाशी / गुडघ्याला / कमरेला / छातीला / गळ्याला / बुडाला / इथून दिसत नाही. शेवटचा पर्याय विसरू नका, नाहीतर लोक ऐकीव उत्तर टिचकी मारून पाठवतात. एकाच पट्ट्यात तिघांची उत्तरं जुळली तरच ते पातळीची नोंद म्हणून धरा, आणि अशा नोंदीचं आयुष्य दोन तासांहून जास्त ठेवू नका.